एकसष्ट कार्डं आणि लॉर्नाची चूक

लॉर्ना ब्रूगमनच्या घरी कुणी पहिल्यांदा गेलं, की बाई त्याला आधी जिन्यात उभं करायची. बैस म्हणणार नाही, पाणी विचारणार नाही. आधी जिना! जिन्याच्या भिंतीवर पायरीगणिक एक अशा सहा छोट्या चौकटी, प्रत्येकीत बेसबॉल खेळाडूचा फोटो छापलेलं एक कार्ड, आणि खाली पांढऱ्या चिकटपट्टीवर जाड काळ्या पेनानं लिहिलेल्या तीन ओळी. पोराचं नाव, त्याला काय आवडायचं, आणि कार्डं किती छापली.

"ही माझी पोरं," ती सांगायची. "पोटची नाहीत, पण पोटं मीच भरलीत."

आणि ते खरंच होतं. आमच्या केल्सो फेरी गावच्या शाळेत लॉर्नानं एकतीस वर्षं स्वयंपाकघर चालवलं. गावात पन्नाशीच्या आतलं एक माणूस दाखवा, जे तिच्यासमोर ताट घेऊन उभं राहिलेलं नाही. दर बुधवारी तिखट चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा दाट रस्सा, आणि तिच्याबरोबर दालचिनीचा गोड रोल. आमच्या आयोवा राज्याबाहेरची माणसं या जोडीला नाकं मुरडतात, मुरडोत बापडी. चिकटपट्टीची सवयही तिथलीच. पट्टी लावल्याशिवाय तिच्या फ्रिजमध्ये एक वाटीसुद्धा जात नसे. डबा असो की माणूस, आत काय आहे ते बाहेर लिहिलेलं पाहिजे, असं तिचं म्हणणं.

नवरा गेल्यावर तिनं माडीवरची खोली बटनमेकर्सच्या पोरांना द्यायला सुरुवात केली. बटनमेकर्स म्हणजे आमचा संघ, अगदी खालच्या पायरीवरचा. एकोणीस उन्हाळ्यांत चौतीस पोरं राहून गेली. उंच, हडकुळी, घरच्या आठवणीनं रडणारी, एका बैठकीत डझनभर अंडी संपवणारी. त्यांतली मोठ्या लीगपर्यंत पोचली सहा. बाकीची कुठे छपरं शाकारतात, कुठे विमे विकतात. तरी नाताळला चौतीसच्या चौतीस जणांचे फोन येतात, हे लॉर्ना आवर्जून सांगायची आणि सांगताना मान जराशी ताठ व्हायची.

पूर्वी असल्या पोरांची कार्डं कुठली निघायला! कार्डं निघायची ती मोठ्या खेळाडूंची. पण अलीकडे कार्डाच्या कंपनीनं नवी रीत काढली. आज सामना झाला, की उद्या सकाळी त्यातल्या एखाद्या प्रसंगाचं कार्ड विक्रीला. मुदत फक्त चोवीस तास. तेवढ्या वेळात जितक्या लोकांनी मागितलं, तितकीच छापायची, एक जास्त नाही. मग आकडा जाहीर करायचा आणि ते कार्ड कायमचं बंद. मोठ्या लीगमध्ये पहिल्यांदा उतरलेल्या प्रत्येक पोराचं कार्ड निघतं, मग तो वीस वर्षं खेळो नाहीतर वीस मिनिटं. लॉर्नाला हे फार भावलं. "एक दिवस का होईना, दुकान त्याच्या नावानं उघडतं," ती म्हणायची.

तिला ही वाट दाखवली समोरच्या घरातल्या एव्हरेट मंडीनं. एव्हरेट जन्मभर टपाल वाटत हिंडला आणि निवृत्त झाल्यावर कार्डांच्या नादी लागला. नादी म्हणजे कसा? दर गुरुवारी बोलिंगच्या हॉलमध्ये मागच्या टेबलावर असलेच सहासात म्हातारे जमायचे, आणि एकमेकांना कार्डं दाखवून जळवायचे. त्यांचा धर्म एकच. कमी छापलेलं ते थोर. एखाद्या नामांकित खेळाडूचं कार्ड ऐंशी हजार निघालं, की एव्हरेट हात झटकायचा. "हॅ! ते कार्ड नव्हे, वर्तमानपत्र." आणि चव्वेचाळीसच छापलेलं एका डावखुऱ्या गोलंदाजाचं कार्ड तो असा दोन बोटांत धरायचा की बघणाऱ्यानं श्वास रोखावा. त्या गोलंदाजाचं पुढं काय झालं हे त्याच्या आईखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. पण कार्ड! त्यासाठी लांबलांबची माणसं त्याला पत्रं पाठवायची. जे मुदतीत घ्यायचं राहिलं, ते जन्मभर शोधत बसायचं, हीच तर त्या नादाची गोडी.

लॉर्नाच्या सहाही पोरांचे आकडे मधलेच होते. चारशे, सहाशे, एक नऊशेचा. गुरुवारची मंडळी सौजन्यानं बघायची आणि चहाकॉफीकडे वळायची. हे तिला खुपायचं. बोलून दाखवायची नाही, पण खुपायचं.

आणि मग जुलैतल्या एका मंगळवारी एलिएझरचा फोन आला.

एलिएझर मान्सानिलो हा तिचा सगळ्यांत लाडका. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या बानी गावचा, कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा. वयाच्या विसाव्या वर्षी आला, दोन उन्हाळे राहिला. कच्ची केळी उकडून, कुस्करून त्यांचं मांगू करायला त्यानंच तिला शिकवलं. तिनं त्याला इंग्रजी शिकवलं, तेही स्वयंपाकघरातलं, म्हणून तो कित्येक दिवस पंचांनाही "गरम आहे, बाजूला व्हा" म्हणायचा. वाचनालयात पोरांना गोष्टी वाचून दाखवायचा, मेथडिस्ट चर्चचं कुंपण त्यानंच रंगवलं. आता तो एकतीस वर्षांचा होता. अकरा वर्षं खालच्या लीगांमधून बसनं हिंडत होता, आणि त्या दिवशी वरच्या संघातला एक कॅचर आजारी पडला आणि दुसऱ्याचं बोट मोडलं.

"मम्मा लॉर्ना," तो फोनवर म्हणाला, "बोलावलंय मला. वर."

"कुठं वर?" लॉर्ना म्हणाली आणि मग तिला उमगलं आणि ती स्वयंपाकघरात ओरडली ती एव्हरेटला रस्त्यापलीकडे ऐकू आली.

त्या संध्याकाळी आठव्या डावात एलिएझर मैदानात उतरला. दोन डाव त्यानं चेंडू झेलले. बॅटिंगला एकदाच आला, आणि पहिलाच चेंडू त्याच्या कोपरावर आदळला. चेंडू अंगाला लागला की पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेतला पहिला टप्पा, फुकट मिळतो. तो कोपर चोळत, हसत, पहिल्या बेसवर जाऊन उभा राहिला. पुढचा गडी बाद झाला आणि सामना संपला. अकरा वर्षांची कमाई ती एवढीच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता कार्ड निघालं. पहिला बेस, हातात कोपर आणि तोंडभर हसू.

लॉर्ना फोन उचलून साऱ्या गावाला हाका मारणार, तेवढ्यात एव्हरेट घरातल्या चपलांनिशीच धावत आला.

"थांब! एकालाही सांगू नकोस."

"का रे बाबा? घर पेटलंय का?"

"अगं, दोनच डाव खेळलेला पोरगा. मोठ्या शहरात त्याला कोण ओळखतं? गाव गप्प बसलं तर आकडा सत्तरच्या आत राहील. या वर्षातला सगळ्यांत कमी! लॉर्ना, पन्नास वर्षं लोक हे कार्ड शोधत हिंडतील. तुझ्या पोराला हुडकतील लोक, हुडकतील! आणि गावानं घाऊक घेतलं, तर झालं तेही वर्तमानपत्र."

आता लॉर्ना काही बावळट नव्हती. पण गुरुवारच्या टेबलावर आपल्या पोराच्या नावानं सगळ्यांचे श्वास रोखलेले तिला दिसले, आणि बाई पाघळली. माणसाला हाव खाण्याचीच असते असं थोडंच आहे?

मग तिनं काय करावं? फोन घेतला आणि गावभर ताकीद दिली. संघाच्या इंटरनेटवरच्या पानावर लिहिलं, चर्चमध्ये निरोप धाडला, दंतवैद्याला दवाखान्यात गाठलं. "एलिएझरचं कार्ड कुणीही घ्यायचं नाही. दुर्मिळ राहू दे." दंतवैद्य म्हणाला, "लॉर्ना, त्यानं माझ्या लेकीला झेल घ्यायला शिकवलं. एक तर घेऊ दे." लॉर्ना म्हणाली, "एकसुद्धा नाही." आणि तिनं ज्यांना ताटात वाढलेलं होतं ती माणसं! पुन्हा रोल मागितला की पळी कशी हातावर बसते हे त्यांना चांगलं आठवत होतं. लॉर्ना नको म्हणाली म्हणजे नको. स्वतः तिनं एकच घेतलं. एव्हरेटनं तीन घेतली. दुसऱ्याला ब्रह्मज्ञान सांगणाऱ्यांचं असंच असतं.

सोमवारी आकडा आला. एकसष्ट.

एव्हरेटनं अंगणात गिरकी घेतली. गुरुवारच्या मंडळींनी वार मोडून सोमवारीच टेबल भरवलं, आणि लॉर्ना आत शिरली तेव्हा सहाही म्हातारे उठून उभे राहिले. तिला आभाळ ठेंगणं झालं. घरी येऊन तिनं सातव्या पायरीवर खिळा ठोकला, पट्टी कापली आणि ठसठशीत लिहिलं. एलिएझर मान्सानिलो. चिली आणि दालचिनी रोल. छापली ६१.

त्याच संध्याकाळी एलिएझरचा फोन आला. दोन दिवसांनी त्याला पुन्हा खाली पाठवून दिलं होतं, ते तिला कळलं होतं. पण आवाज खेळाच्या दुःखाचा नव्हता.

"मम्मा, एकसष्ट," तो म्हणाला.

"हो रे राजा! एकसष्ट!"

"आईला मी नेहमी तुमच्या गावाचं सांगतो. म्हणतो, तिथं माझी माणसं आहेत. तिनं विचारलं, गावात लोक किती. मी म्हटलं, चार हजार. मग तिला आकडा कळला." एलिएझरनं आवाज खाली आणला. "ती म्हणाली, 'बाळा, खरं सांग. तिथं तू कुणाशी वाईट वागलास का?'"

लॉर्नानं समजावायला सुरुवात केली. दुर्मिळ म्हणजे काय, कमी का चांगलं, एव्हरेट काय म्हणाला, पन्नास वर्षं लोक कसे शोधतील. जितकं बोलावं तितकं ते तिचं तिलाच खुळ्यासारखं वाटायला लागलं. एलिएझर शहाण्या मुलासारखा "हो मम्मा, कळलं मम्मा" म्हणत राहिला. रागावला असता तर परवडलं असतं.

फोन ठेवून ती सरळ समोरच्या घरात गेली.

"तुझी ती तीन कार्डं आहेत ना, ती उकडून खा," तिनं एव्हरेटला सांगितलं.

सगळं ऐकून एव्हरेट पांढराफटक पडला. "कंपनीला लिहू? पुन्हा छापा म्हणून?"

"पुन्हा छापत नाहीत म्हणूनच तर तुझा जीव त्याच्यावर. मुदत संपली, एव्हरेट. आता देवाला लिहिलंस तरी एकसष्टच."

"मग त्याच्या आईला नीट समजावून सांगू. कमी म्हणजे मान, असं."

"तिनं पोराला अकरा वर्षं परक्या मुलखात सोडलंय. तिला काय हवंय, मान? तो लोकांना हवासा होता की नाही, एवढंच तिला कळायला हवंय. आणि होता! दारोदार हवा होता! मीच गाव अडवून धरलं." आणि लॉर्ना ब्रूगमन, जी नवऱ्याच्या प्रेतापाशीसुद्धा लोकांदेखत रडली नव्हती, एव्हरेटच्या ओट्याला टेकून रडली.

मंगळवार गेला, बुधवार गेला. लॉर्ना जिन्यानं जाताना सातव्या पायरीकडे बघेना. गुरुवारी ती जुन्या वह्या काढून बसली. बटनमेकर्सचा प्रत्येक सामना ती वहीत चौकटी आखून टिपायची. कुणी काय मारलं, कोण कसा बाद झाला, चूक कुणाची. बेसबॉलमध्ये चूक लपत नाही. कुणाच्या हातून चेंडू निसटला ते नावानिशी लिहितात, आणि धावफलकावर धावांशेजारी चुकांचाही आकडा झळकतो. तिला अकरा वर्षांपूर्वीचं एक पान सापडलं. त्या दिवशी एका निसटलेल्या चेंडूवर सामना गेला होता. टिपणाऱ्या अधिकाऱ्यानं चूक न लिहिता एलिएझरला सांभाळून घेतलं होतं, तर हा पोरगा सामन्यानंतर आपणहून वर त्याच्या खोलीत गेला आणि म्हणाला, "माझी चूक आहे, माझ्या नावावर लिहा." घरी येऊन लॉर्नानं विचारलं, "कशाला रे शहाणपणा?" तर तिनंच शिकवलेल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "मम्मा, लिहिली की थंड. नाही लिहिली की रोज गरम."

लॉर्नानं वही मिटली आणि मैदानावर ड्वेन टिमरमनला गाठलं. ड्वेन म्हणजे सामन्यातला निवेदक. आग लागली तरी हवामान सांगितल्यासारखा सांगेल असा माणूस.

एव्हरेट मागोमाग आला होताच. "सातव्या डावात सांगा," तो म्हणाला. "तेव्हा पाय मोकळे करायला सगळे उभेच राहतात. त्याच्या आईला पाठवायच्या चित्रफितीत गर्दी छान दिसेल."

"गप रे, टपाल्या," लॉर्ना म्हणाली. "एक लबाडी निस्तरायला दुसरी नको. चौथ्या डावानंतर सांगायचं. बसलेली माणसं पाहिजेत. ज्याला उठायचं तो उठेल, नाही उठलं कुणी तर तेच खरं."

शुक्रवारी ऊन अजून मैदानावर होतं. चौथा डाव संपला. लॉर्ना पहिल्या रांगेत मांडीवर वही घेऊन बसली होती, आणि एव्हरेट खाली कुंपणापाशी फोन उंच धरून उभा होता. धावफलकावर चुकांच्या रकान्यात शून्याचा एक झाला. लोक एकमेकांना विचारायला लागले, चूक झाली कधी? मग ड्वेनचा संथ आवाज आला.

"चूक. लॉर्ना ब्रूगमन, स्वयंपाकघर."

सगळीकडे हशा पिकला.

"एलिएझर मान्सानिलोचं कार्ड एकसष्टच छापलं गेलं," ड्वेन म्हणाला. "कारण लॉर्नानं गावाला ते घेऊ दिलं नाही. त्याच्या आईला बानीमध्ये वाटतंय, की तो इथं कुणाला नको होता. ज्यांना कार्ड घ्यायचं होतं आणि लॉर्नानं अडवलं, त्यांनी कृपया उभं राहावं."

हशा थांबला. लॉर्नानं वहीतून डोकं वर काढलं नाही. पहिली खुर्ची वाजली ती दंतवैद्याची. मग त्याच्या लेकीची, ती आता कॉलेजात होती. मग वाचनालयातल्या बाई, मग चर्चचा गायकवृंद एका दमात. मग खुर्च्या नुसत्या वाजतच राहिल्या, फटाफट, रांगांमागून रांगा, आणि मैदानात पंचानं तोंडावरची जाळी काढली आणि हात वर केला. "मलाही पाहिजे होतं," तो ओरडला. "मला 'बाजूला व्हा' म्हणणारा एकमेव कॅचर तो!"

एव्हरेटनं फोन उंच धरलेलाच होता, आणि तोंडानं मोजणी चालूच होती. संग्राहकाची खोड जाते थोडीच! तो लॉर्नापाशी आला तेव्हा गाल ओले होते.

"सातशे अठरा," तो म्हणाला. "दोन कुत्री सोडून."

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. पडद्यावर एलिएझर होता आणि दुसऱ्या चौकोनात बानीच्या घरात त्याची आई एउफेमिया, मागे आंब्यांची टोपली. चित्रफीत तिनं पाचदा पाहिली होती. तिला एकच गोष्ट विचारायची होती. सगळे उभे आहेत, मग पुढं मधोमध एक बाई तेवढी बसलीय, ती कोण?

"ती मम्मा लॉर्ना," एलिएझर म्हणाला.

एउफेमियानं स्पॅनिशमध्ये लेकाला काहीतरी ठणकावलं. एलिएझरनं कपाळाला हात लावला. "जाऊ दे मम्मा, हे नाही मी सांगत."

पण लॉर्नाला स्वयंपाकघरापुरतं स्पॅनिश येत होतं, आणि तेवढं पुरलं. बाई म्हणाली होती, "म्हणजे वाईट ती वागली. तू नाहीस."

"अगदी बरोबर!" लॉर्ना पडद्यात तोंड घालून ओरडली. "वाईट मी वागले! तुझं लेकरू सोनं आहे!" आणि त्या दोघी, त्यापुढचं एकमेकींचं एक वाक्य धड न समजता, हसत आणि नाकं पुसत बसल्या, आणि एलिएझर मध्ये लहान मुलासारखा लाजत राहिला.

लॉर्नानं सातव्या पायरीवरची चौकट काढली आणि बानीला पाठवून दिली. भिंतीवर खिळा उघडा राहिला, तर चार दिवसांनी एव्हरेट आला आणि आपल्या तीन कार्डांतलं एक टेबलावर ठेवून गेला. इतक्या कमी आकड्याचं कार्ड त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा हातावेगळं केलं होतं. गुरुवारच्या टेबलावर अजूनही त्याला चिडवतात.

बानीला धाडलेली काय, भिंतीवरची काय, दोन्ही चौकटींना पट्टी मात्र लॉर्नानं नवी लिहिली. इतर पोरांना तीन ओळी, एलिएझरला पाच.

एलिएझर मान्सानिलो. चिली आणि दालचिनी रोल. छापली ६१. उभे राहिले ७१८. चूक: लॉर्ना.

आता जिन्यात पाहुणा आला, की ती सहा पायऱ्या भराभर चढवते आणि सातवीवर थांबवून शेवटची ओळ मोठ्यानं वाचायला लावते. एलिएझर सांगतो, बानीतही तसंच आहे. एउफेमियानं पट्टी खालून काढून काचेवर बरोबर मधोमध चिकटवलीय. लेकाचं हसू त्याखाली निम्मं झाकलं गेलंय, पण तिचं म्हणणं, तो दिसायला कसा आहे ते साऱ्या गल्लीला ठाऊकच आहे.